संशोधनपत्रिकांचं काम आणि महामारी : बडोद्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डांडिया बाजारात राहते आणि इंग्रजी संशोधनपत्रिकांचं संपादन-प्रूफाचं काम करते. कोरोना आला तेव्हा अलकापुरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये नोकरीला होते, आता घरूनच सुटी कामं घेते. तेव्हापासून मला प्रश्न येतात. एम. एस. युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी मुलं विचारतात, चेन्नईकडचे जुने सहकारी विचारतात, सुनेसाठी घरबसल्या काम शोधणाऱ्या सोसायटीतल्या काकूही विचारतात. कुठेतरी नवी लाट आल्याची बातमी आली की प्रश्न वाढतात. तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून उत्तरं एकदाची इथे मांडली. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही जर्नलचं काम करता म्हणजे नक्की काय करता? लेख लिहिता का?

नाही. लेख संशोधक लिहितात, त्यांच्याच विषयातले दुसरे संशोधक तो तपासतात आणि छापायचा की नाही ते संपादक ठरवतो. लेख आमच्याकडे येतो तो यानंतर. भाषा साफ करणं, संदर्भ जुळवणं, तक्ते आणि आकृत्या मजकुराशी ताडून पाहणं, एक्सएमएल (संगणकाला वाचता येईल अशी फाइल) बांधणं, प्रूफ लेखकाला पाठवणं, त्याच्या दुरुस्त्या घालणं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) नोंदवून लेख ऑनलाइन चढवणं, हे सगळं आमच्याकडे. माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, "ही इंग्रजी पेपर तपासते." त्यामुळे दर मार्चमध्ये कुणीतरी दहावीच्या मुलाचे मार्क विचारायला येतंच.

२. मार्च २०२० मध्ये ऑफिस घरी कसं आणलं?

रिक्षातून. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता. आदल्या दिवशीच आम्हाला डेस्कटॉप उचलून न्यायला सांगितलं. सीपीयू मांडीवर आणि मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी रावपुऱ्यातून घरी आले. २५ पासून देशभर टाळं लागलं.

मशीन आणणं हा सोपा भाग होता. पानं जुळवायचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या सर्व्हरवरून परवाना मागायचं. घरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडणारं व्हीपीएन आठ जणांचं होतं आणि माणसं वीस. फॉन्ट सगळ्यांच्या मशीनवर नव्हते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात एका लेखात मायक्रोग्रॅमचं ग्रीक अक्षर जाऊन तिथे नुसता चौकोन राहिला. औषधाच्या मात्रेपुढे चौकोन! तो सापडला, पण त्यानंतर दोन महिने मला चौकोन दिसला की पोटात गोळा यायचा.

गुप्ततेचा प्रश्नही होता. न छापलेला लेख ही दुसऱ्याची ठेव असते. घरातला लॅपटॉप मुलीच्या शाळेसाठीही वापरला जात असेल तर त्यावर ती ठेव उघडायची का? आम्ही नियम केला की लेख कंपनीच्या मशीनबाहेर जाणार नाही, आणि व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकायचा नाही, "एकच ओळ विचारायची आहे" म्हणूनही नाही. हा नियम मी आजही पाळते.

३. सगळं बंद होतं, मग तुमचं कामही कमी झालं असेल ना?

उलट झालं. प्रयोगशाळा बंद, प्रवास बंद, घरी बसलेला प्रत्येक जण कपाटातला जुना डेटा काढून लिहायला बसला. एकट्या एल्सेव्हिअर या प्रकाशकाकडे फेब्रुवारी ते मे २०२० या चार महिन्यांत आलेले लेख आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी जास्त होते. आरोग्य-वैद्यक विषयांत तर ९२ टक्क्यांनी. एरवी दहा दिवसांचा लेख अठ्ठेचाळीस तासांत मागितला जायला लागला. छापील अंक मात्र थांबले. आंतरराष्ट्रीय विमानं आणि टपाल बंद, ग्रंथालयं बंद, अंक पाठवायचे कुठे? ज्यांचं पोट छपाई आणि बांधणीवर होतं, त्यांचे दिवस वाईट गेले. आम्ही स्क्रीनवाले तरलो. हा फरक विसरून "आपल्या क्षेत्राने कसं छान जुळवून घेतलं" असं कुणी बोललं की मला राग येतो.

४. प्रीप्रिंट म्हणजे छापलेला लेख का? बातमीत "संशोधनात सिद्ध झालं" म्हणतात ते हेच का?

प्रीप्रिंट म्हणजे लेखकाने स्वतः सर्व्हरवर ठेवलेला, अजून कुणी न तपासलेला मसुदा. जीवशास्त्रासाठीचा बायोआर्काइव्ह २०१३ पासून होता, वैद्यकासाठीचा मेडआर्काइव्ह जून २०१९ मध्ये सुरू झाला. म्हणजे महामारीच्या जेमतेम सहा महिने आधी. वेळ अशी जमली की तो नसता तर काय झालं असतं असा विचार येतो.

पण जानेवारी २०२०च्या शेवटी काय झालं ते पाहा. नव्या विषाणूत एचआयव्हीशी जुळणारे तुकडे असल्याचा दावा करणारा दिल्लीच्या संशोधकांचा मसुदा बायोआर्काइव्हवर आला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या चुका जाहीरपणे दाखवल्या आणि दोन-तीन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. तोवर तो व्हॉट्सॲपवरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत पोचला होता. मागे घेतल्याची खबर ग्रुपवर कधीच आली नाही. त्याच सुमारास सर्व्हरने वर पिवळी पट्टी लावली: हे प्राथमिक आहे, तपासलेलं नाही, यावरून उपचार ठरवू नका, बातमीत सिद्ध झाल्यासारखं छापू नका.

मला ती पट्टी फार आवडली. आमच्या धंद्यात कच्च्या मालाची लाज नसते. कच्चा आहे हे वर लिहिलेलं नसलं की घोटाळा. या एका गोष्टीकडे मी पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, आधीच माफी मागते.

५. म्हणजे जर्नलमध्ये आलेला, तपासलेला लेख तरी डोळे मिटून खरा धरायचा ना?

डोळे उघडे ठेवून धरायचा. २२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावर लेख आला. त्यात सहा खंडांतल्या ६७१ रुग्णालयांतले ९६,०३२ रुग्ण होते. त्याचा इतका धसका बसला की जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवला. मग लोकांनी आकडे मोजले. ऑस्ट्रेलियातले म्हणून त्यात ७३ मृत्यू होते, आणि त्या तारखेपर्यंत सबंध ऑस्ट्रेलियात अधिकृतपणे ६७ झाले होते. डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ डेटा तपासायला दिला नाही आणि ४ जूनला लेख मागे घेतला गेला. त्याच दिवशी त्याच कंपनीच्या डेटावरचा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला लेखही गेला.

लोक मला विचारतात, तुम्हा संपादनवाल्यांना हे दिसायला नको होतं का? खरं सांगायचं तर नाही, ते आमचं काम नव्हतं. आमच्या हातात मजकूर आणि तक्ता असतो, रुग्णालय नसतं. पण ७३ आणि ६७ची गोष्ट वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. देशाचं नाव आणि आकडा शेजारी दिसला की बाहेरचा आकडा एकदा डोळ्यांखालून घालते. पटला नाही तर दुरुस्त करत नाही, शंका लिहिते. तो अधिकार संपादकाचा.

६. चुकीचा लेख पुसून का टाकत नाहीत?

कारण लोकांनी तो उद्धृत केलेला असतो. पुसला तर पुढच्या वाचकाला कळणारच नाही की तिथे काय होतं आणि का गेलं. म्हणून डीओआय तोच राहतो, प्रत्येक पानावर आडवा "मागे घेतला" असा शिक्का बसतो आणि कारण सांगणारी वेगळी नोंद जोडली जाते. छोटी चूक असेल तर शुद्धिपत्र. चौकशी चालू असेल तर संपादक तात्पुरती "चिंता व्यक्त करणारी नोंद" लावतो. कायद्याने अडलं किंवा कुणाच्या जिवाला धोका असला तर मजकूर काढतातही, पण क्वचित.

७. घाईत प्रूफ वाचायचं आहे. काय सोडलं तर चालेल?

स्वल्पविराम सोडा. सगळ्या भाषाप्रेमी मंडळींची क्षमा मागून सांगते, अठ्ठेचाळीस तासांत येणाऱ्या लेखात "व्हिच" की "दॅट" यावर वेळ घालवणं ही चैन आहे. मी २०२० साली एका कागदावर क्रम लिहून भिंतीला चिकटवला होता. अजून तोच वापरते.

आधी मात्रा आणि एककं. मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम झालं की हजारपटीचा फरक पडतो. नंतर प्रत्येक टक्क्याचा छेद: ४५ टक्के म्हणजे कितीपैकी? सारांशात २१२ रुग्ण आणि तक्त्यात २२१, असं घाईच्या लेखात हमखास असतं, कारण मधल्या दिवसांत आणखी रुग्ण दाखल झालेले असतात आणि लेखकाने एकच जागा बदललेली असते.

मग तारखा. ०४/०५/२०२० हे आपल्याला ४ मे, अमेरिकनाला ५ एप्रिल. एरवी ही किरकोळ गोष्ट आहे. साथीच्या लेखात एका महिन्यात आलेख आकाशाला भिडलेला असतो. महिना अक्षरी लिहून घ्या, आणि कुठला महिना ते लेखकाला विचारूनच. मी एकदा न विचारता "नीट" केलं होतं आणि लेखकाने अतिशय सभ्य शब्दांत माझी काढली होती.

शेवटी लेखकांची नावं आणि त्यांचा क्रम. नाव चुकलं की शुद्धिपत्र काढावंच लागतं, आणि माणूस ते जन्मभर लक्षात ठेवतो.

एवढं झालं आणि वेळ उरला, तर स्वल्पविराम.

८. कोविड, कोरोना, सार्स... यातलं बरोबर नाव कोणतं?

आजार वेगळा, विषाणू वेगळा. ११ फेब्रुवारी २०२० रोजी आजाराला कोविड-१९ आणि विषाणूला सार्स-कोव्ह-२ अशी नावं मिळाली. माणसाला कोविड होतो, चाचणीत विषाणू सापडतो. "कोविडचा जनुकक्रम" असं आलं की दुरुस्त करा. त्या तारखेआधीच्या लेखांत २०१९-एनकोव्ह हे तात्पुरतं नाव दिसतं. संदर्भातलं शीर्षक असेल तर ते तसंच ठेवायचं.

विषाणूच्या प्रकारांच्या नावांनी अधिक डोकं खाल्लं. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे "भारतीय प्रकार" असं लिहिलेले लेख यायचे. खिडकीबाहेर दिवसभर ॲम्ब्युलन्स वाजत असताना ते शब्द वाचणं सोपं नव्हतं. ३१ मेला जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरं दिली आणि बी.१.६१७.२ चं डेल्टा झालं. देशाच्या नावाने आलेला प्रकार आला की आम्ही ग्रीक नाव सुचवतो, शेजारी बी.१.६१७.२ सारखा वंशक्रमांक ठेवतो, आणि उद्धृत वाक्य असेल तर हात लावत नाही.

९. घरात चार माणसं आणि एक टेबल. तुम्ही कसं जमवलं?

पहिले दोन महिने जमवलंच नाही. नवऱ्याचा मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना बंद, मुलगी सहावीत, तिची शाळा माझ्या फोनवर, सासूबाईंना रामरक्षा मोठ्याने म्हणायची सवय. मी जेवणाच्या टेबलावर, आणि जेवणं तिथेच. प्रूफाच्या मध्यावर कुणीतरी विचारणार, "आज शाक काय करायचंय?" (बडोद्याचे मराठी लोक भाजीला शाक म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मग मुलीनेच तोडगा काढला. तिने शाळेच्या जुन्या पाटीवर खडूने लिहिलं: "आई तक्ता मोजतेय. ११ वाजेपर्यंत." ती पाटी टेबलावर उभी असेपर्यंत घराला आग लागल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. बाकीच्या कामांना, म्हणजे संदर्भ जुळवायला, मेलना उत्तरं द्यायला, पाटी नाही. तेव्हा कुणीही काहीही विचारा, कुकरच्या शिट्या मोजायला सांगा. "मी काम करतेय" हे घराला कळत नाही, कारण तुम्ही दिवसभरच काम करत असता. नेमकं काय चाललंय आणि कधी संपणार हे लिहिलं की कळतं.

काम वाटून घेतलं का, असंही बायका हळूच विचारतात. भाजीच्या लारीपर्यंत (म्हणजे हातगाडीपर्यंत) मास्क लावून जाणं, भाजी धुणं, भांडी, हे नवऱ्याकडे गेलं. कारखाना सुरू झाल्यावर यातली भांडी परत माझ्याकडे आली. आकडेवारीसाठी प्रश्न १४ पाहा.

१०. लाइट आणि इंटरनेट गेलं तर?

यात बडोदेकरांची तयारी आधीच झाली होती. ३१ जुलै २०१९ च्या पावसाने विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि लोकांच्या अंगणात मगरी आल्या, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरच्यांच्या हार्ड डिस्क पाण्यात गेल्या. तेव्हापासून माझी एक प्रत सर्व्हरवर, एक वरच्या फळीवर. इन्व्हर्टर घ्या, दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. मे २०२१ मध्ये ताउते वादळ आलं तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटवर दोन लेख गेले. एवढंच.

११. परदेशातल्या लोकांबरोबर रात्री मीटिंगा कशा सांभाळायच्या?

लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा. मार्चअखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं वेगवेगळ्या रविवारी सरकतात, त्या आठवड्यांत हमखास कुणीतरी तासभर एकटं बसतं.

ऑफिस होतं तेव्हा शेवटची रिक्षा हीच मर्यादा होती. "साहेब, मला निघायला हवं" म्हटलं की विषय संपायचा. घरून काम सुरू झाल्यावर निघायला कुठे जागाच उरली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये शहरात रात्री नऊपासून कर्फ्यू लागला, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "रस्त्याला कर्फ्यू आहे, आपल्याला का नाही?" त्या आधीच्या नवरात्रात गरबाच नव्हता. बडोद्यात! ती दरवर्षी नऊही रात्री खेळणारी, त्या वर्षी नऊही रात्री प्रूफं काढत बसली, आणि कुणी तिला सुट्टी घे म्हणालं नाही, कारण कॅलेंडरवर सुट्टीचं कारणच शिल्लक नव्हतं.

माझा आताचा नियम असा: आठवड्यातून एक रात्र त्यांची, बाकी मेल. पहिल्याच मेलमध्ये हे लिहून टाकते. आजवर एकाही ग्राहकाने यावरून काम नाकारलेलं नाही.

१२. टीममधलं कुणी एकदम आजारी पडलं तर त्याच्या हातातल्या फायलींचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. याचं उत्तर आम्ही चुकून शिकलो.

एप्रिल २०२१. आमच्या टीममध्ये नऊ जण होते, त्यातले पाच एकाच आठवड्यात आडवे झाले. एकीचे वडील गोत्रीच्या रुग्णालयात, ती बाहेर रांगेत ऑक्सिजनची चौकशी करत होती, आणि तिच्या नावावर सतरा लेख होते. कुठला लेखकाकडे गेलाय, कुठल्याच्या दुरुस्त्या आल्यात, कुठल्यात शंका बाकी आहे, ते फक्त तिच्या डोक्यात. कंपनीने तिला फोन केला. मीही केला. रांगेतल्या माणसाला "ती तीन नंबरची फाइल कुठे आहे गं?" असं विचारल्याचं मला आजही आठवतं आणि लाज वाटते. तिने सांगितलं, बरोबर सांगितलं. वडील चौथ्या दिवशी गेले.

त्यानंतर आम्ही एक तक्ता सुरू केला. त्याला आम्ही पाटीच म्हणायचो, माझ्या घरच्या पाटीवरून (प्रश्न ९). रोज काम थांबवताना प्रत्येक फाइलपुढे एक ओळ: काय झालं, काय बाकी, कशाची शंका आहे. "प्रगतीपथावर" असं लिहायला बंदी. "तक्ता ३ची बेरीज जुळत नाही, लेखकाला मंगळवारी विचारलंय, उत्तर नाही" असं लिहायचं. रोजची दहा मिनिटं जातात. सुरुवातीला काही जणांना हे मॅनेजरचं पाळत ठेवणं वाटलं, म्हणून मॅनेजरने आपलीही पाटी उघडी केली. त्यात "आज काहीच केलं नाही, आईला ताप" अशी ओळ आली आणि मग सगळेच खरं लिहायला लागले.

त्यानंतर आजारी माणसाला कुणीही फोन केला नाही. तब्येत विचारायला सोडून.

एकट्याने काम करणाऱ्यांनी काय करावं? मी माझी पाटी प्रतापनगरच्या एका सहकारिणीला दाखवून ठेवते, ती तिची मला. लेखाचा मजकूर नाही, फक्त स्थिती आणि ग्राहकाचा पत्ता. मी दोन दिवस गप्प झाले तर ती त्यांना कळवेल एवढाच करार आहे.

१३. लेखक आजारी आहे, किंवा वारला. प्रूफ कोण पास करणार?

आजारी असेल तर सहलेखकांपैकी कुणी पत्रव्यवहाराची जबाबदारी घेऊ शकतो. पण हे सगळ्या सहलेखकांनी आणि संपादकाने लेखी मान्य करायचं असतं, आम्ही परस्पर बदलायचं नाही. वारला असेल तर त्याचं नाव काढत नाहीत. काम केलंय तर लेखक तो आहेच. नावापुढे खूण आणि तळटीपेत "दिवंगत" एवढी नोंद होते. एकट्याचाच लेख असेल तर संपादक घरच्यांशी किंवा जवळच्या सहकाऱ्याशी बोलून ठरवतो. आपण फाइल बाजूला ठेवायची आणि पाटीवर कारण लिहायचं.

आणखी एक. प्रूफाची आठवण करून देणारे मेल आपोआप पाठवणारी यंत्रणा असते, ती लगेच बंद करायला सांगा. २०२१ मध्ये एका प्राध्यापकांच्या पत्नीचं उत्तर आलं होतं, "तुमचा हा तिसरा मेल. ते आता उत्तर देऊ शकणार नाहीत." पाठवणारं यंत्र होतं, पण खाली नाव माझं होतं.

१४. लेखकांना मुदत वाढवून द्यावी का? आणि बायकांच्या कामावर खरंच परिणाम झाला का?

दुसऱ्याचं आधी. झाला. एल्सेव्हिअरच्या २,३२९ पत्रिकांच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या लाटेत लेखांचा पूर आला (प्रश्न ३), पण पुरुषांच्या मानाने स्त्रियांकडून कमी लेख आले, आणि फरक तरुण स्त्रियांमध्ये विशेष होता. मला यात नवल वाटलं नाही, ज्यांना वाटलं त्यांचं वाटलं.

म्हणून हो, मुदत द्यावी. 'ईलाइफ' या पत्रिकेने मार्च २०२०मध्येच दुरुस्तीची दोन महिन्यांची मर्यादा उठवली आणि बंद प्रयोगशाळांकडून नवे प्रयोग मागणं कमी करा असं परीक्षकांना सांगितलं. आपल्याकडे युजीसीनेही प्रबंध सादर करायला सहा महिने वाढवून दिले, पुढे आणखी. पण मुदत मागणाऱ्याकडून कारण मागू नका. "मुलगा आजारी आहे" हे परक्या संपादकाला लिहायला एका लेखिकेला तीन मसुदे लागले होते. मला कसं कळलं? चुकून तिन्ही आले होते.

१५. काही जर्नल तीन दिवसांत छापून देतात. महामारीत मोठ्या जर्नलांनीही दिलं, मग यात काय वाईट?

मोठ्यांनी काय केलं ते पाहा. २०२० मध्ये काही प्रकाशकांनी एकत्र येऊन लवकर परीक्षण करायला तयार असलेल्या संशोधकांची सामायिक यादी केली, आणि एका जर्नलने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे गेला तर परीक्षणही सोबत जाईल असं ठरवलं. परीक्षण पटकन झालं, गाळलं गेलं नाही. तीन दिवसांत पैसे घेऊन छापणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: परीक्षकांचे शेरे दाखवाल का? उत्तरात "अभिनंदन" आलं तर समजून जा.

१६. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात (जुन्या पोथ्यांच्या संशोधनसंस्थेत) हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांचं काय झालं? त्यांना घरून काम शक्य होतं का?

स्कॅन हाताशी होतं त्यांना थोडंफार. ज्यांना पोथीच पाहायची होती, कागद आणि शाई तपासायची होती, ते थांबले. ज्या शहरात १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सिरीज निघते आणि जिथे रामायणाची चिकित्सक (म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेली) आवृत्ती १९६० ते १९७५ मध्ये सात खंडांत बाहेर पडली, तिथे ही तक्रार जुनीच आहे: पोथी माणसाकडे येत नाही, माणसाला तिच्याकडे जावं लागतं.

गंमत म्हणजे त्या आवृत्तीचं पान उघडलं की खाली पाठभेदांची रांग दिसते. कुठल्या पोथीत काय आहे, कुठलं पद संशयास्पद आहे, सगळं उघड. हे वाचून मला आमची पाटी आठवली. बडोद्यात ती पद्धत आमच्या कितीतरी आधीपासून होती म्हणायची.

१७. महामारीत मोफत उघडलेले लेख आता पैसे का मागतात?

मार्च २०२०मध्ये अनेक देशांच्या विज्ञान सल्लागारांनी आवाहन केल्यावर प्रकाशकांनी कोविडचे लेख खुले केले, पण बऱ्याच जणांनी "महामारी असेपर्यंत" अशी अट घातली होती. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. कायमचा खुला लेख ओळखायचा तर त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (कुणालाही मोफत वाचू-वाटू देणारा) परवाना आहे का ते पाहा.

१८. कंपनी आता रोज ऑफिसला बोलावते आहे. नोकरी सोडून तुमच्यासारखं घरून करू का?

मला विचाराल तर पटकन सोडू नका. नोकरीत प्रॉव्हिडंट फंड असतो, आजारी पडलात तर पगार येतो, आणि शेजारच्या खुर्चीवरून "हे वाक्य तुला कसं वाटतं?" असं विचारता येतं. हे तिसरं मला सर्वांत जास्त आठवतं. सुट्या कामात एखादा महिना चार लेखांचा, एखादा चाळीसचा. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाका, दोन ग्राहक पक्के करा. तिसरा ग्राहक मिळाल्यावर राजीनामा. काकूंच्या सुनांसाठीही हेच उत्तर, फक्त त्यांनी आधी वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काम शिकावं. पानाला दर किती ते इथे लिहीत नाही, विषय आणि ग्राहकागणिक तो इतका बदलतो की लिहिलेला आकडा कुणाला तरी फसवेलच.

१९. २०२०चा प्रीप्रिंट मी प्रबंधात उद्धृत केला आहे. आता व्हायवा आहे. काय करू?

आजच तीन गोष्टी पाहा. एक, सर्व्हरवर त्या मसुद्याच्या पानावर "आता प्रकाशित" असा दुवा आहे का? असेल तर छापील लेख वाचा, आणि तुम्ही घेतलेला आकडा तिथे तोच आहे का ते ताडा. पुष्कळदा बदललेला असतो. तोच असेल तर संदर्भ छापील लेखाचा द्या. दोन, मसुदा मागे घेतला असेल (प्रश्न ४ आणि ६) तर तुमचा मुद्दा त्याच्यावर उभा आहे का ते बघा. उभा असेल तर मार्गदर्शकांशी आजच बोला, व्हायवाच्या टेबलावर नाही. तीन, ना छापला ना मागे घेतला, नुसता पडून आहे, असे खूप आहेत. तो ठेवा, पण संदर्भात "प्रीप्रिंट", आवृत्तीचा क्रमांक आणि तुम्ही पाहिल्याची तारीख लिहा, आणि मजकुरात "दाखवलं आहे" च्या जागी "असा दावा आहे" करा. संगणकावर शब्द शोधून अशा सगळ्या जागा सापडणार नाहीत, सगळा प्रबंध डोळ्यांनी चाळावा लागेल. एका रात्रीचं काम आहे.